गरोदर बाईला एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवताना : खानापूर, निपाणी, चंदगडकडच्यांनी अनुभव आणि माहिती लिहा

मलप्रभाकाठ

माझ्या धाकट्या जावेला आठवा सरत आलाय. परवा गावात सिस्टर आल्या तेव्हा तिचं बीपी १४८/९६ निघालं. पायांवर सूज आहे, डोकं दुखत नाही. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, पण लक्ष ठेवा." घरात कुणी काही बोललं नाही. दोन वर्षांपूर्वीची माझी रात्र सगळ्यांना आठवली होती.

आमचं गाव जांबोटीच्या आत, डांबरी रस्ता संपतो तिथून अजून तीन-साडेतीन किलोमीटर. ऑगस्ट महिना होता. संध्याकाळपासून डोकं फुटेल असं दुखत होतं आणि डोळ्यांसमोर चांदण्या चमकत होत्या. रात्री अकराला शेजारच्यांची गाडी काढली. पहिल्या दवाखान्यात सिस्टरनी बीपी बघितलं, १७०/११०. त्यांनी मला दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली आणि म्हणाल्या, "इथं व्हायचं नाही, पुढं न्या." चतकोर कागदावर माझं नाव, वय आणि 'हाय बीपी, रेफर' एवढंच. पुढं म्हणजे कुठं, ते त्यात नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी इमारत मोठी, दिवे चालू, पण भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. हे कळायला आम्ही चाळीस मिनिटं बाकड्यावर बसलो. तिथून बेळगावची वाट धरली आणि रस्त्यात मला झटका (फिट) आला. मला त्यातलं काही आठवत नाही. सासूबाई सांगतात, त्यांनी पदराचा बोळा करून माझ्या दातांत धरला.

बेळगावात तिसऱ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पहाटेचे सव्वातीन. डॉक्टरीण बाईंचा पहिला प्रश्न : "झटक्याचं इंजेक्शन दिलंय का? किती? किती वाजता?" कुणालाच सांगता येईना. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "दोन्ही ढुंगणांवर सुया टोचल्यात, अकरा वाजून गेले होते." त्या अंगठाबहाद्दर आहेत, पण त्यांनी घड्याळ बघून ठेवलं होतं. त्यांच्या त्या एका वाक्यावर पुढचे उपचार ठरले.

लेक दीड किलोचा झाला, एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होता. आता अंगणभर पळतो.

मला जे विचारायचं आहे ते असं. कुठल्या बाईला कुठं न्यायचं हे आधी ठरवता येतं का? पाठवणाऱ्यांनी काय करून, काय लिहून द्यायला हवं, म्हणजे आम्हाला मागता येईल? आणि आमच्यासारख्या गावातून रात्री निघायची वेळच येऊ नये म्हणून काय करावं? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. मी सगळं वहीत उतरवून घेणार आहे.

निवृत्त_सिस्टर

ताई, मी तीस वर्षं स्टाफ नर्स होते. निम्मी नोकरी खानापूर तालुक्यात, निम्मी हुक्केरीकडं. तुमचं वाचून आधी हे सांगते की त्या पहिल्या सिस्टरनी योग्य तेच केलं होतं. मॅग्नेशियम सल्फेट हे औषध झटके रोखतं. सरकारी नियमावलीप्रमाणे पुढं पाठवण्याआधीचा पहिला डोस सिस्टर आणि एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सबाई) सुद्धा देऊ शकतात : एकूण दहा ग्रॅम, पाच ग्रॅम एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, खोल स्नायूत. एका ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम असतं, म्हणजे दहा ॲम्प्यूल फोडावी लागतात. रात्री एकटीनं हे करताना हात कापतात, मला माहीत आहे.

पण लिहिलं नाही, तिथं केलेलं काम निम्मं वाया गेलं. हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून पुढच्या डॉक्टरांना आधीचा डोस कळला नाही तर त्यांची पंचाईत होते : द्यावं तरी भीती, न द्यावं तरी भीती. मग ते गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का बघतात, श्वास मोजतात, लघवी किती होते ते बघतात. त्यात वेळ जातो.

चिठ्ठीत काय असावं ते सांगते, वहीत घ्या. बाईचं नाव, कितवी खेप, किती आठवडे भरलेत. का पाठवतोय ते स्पष्ट शब्दांत. निघतानाचं बीपी, नाडी, आणि ते किती वाजता बघितलं. बाळाचे ठोके. कळा सुरू आहेत का, पिशवीचं तोंड किती उघडलंय, पाणी गेलं असेल तर कधी. दिलेलं प्रत्येक औषध, प्रमाण आणि वेळेसकट. रक्तगट आणि हिमोग्लोबिन. कुठल्या दवाखान्यात पाठवतोय, तिथं फोनवर कोणाशी बोलणं झालं, किती वाजता. शेवटी सही आणि पाठवणाऱ्याचा नंबर, म्हणजे पुढच्यांना काही विचारायचं झालं तर उलटा फोन करता येतो. एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. मी बाईला गाडीत चढवेपर्यंत दुसऱ्या हातानं लिहीत असे.

फोन सगळ्यांत आधी. आधी विचारायचं : आज सिझर होतंय का, भूलतज्ज्ञ आहेत का, रक्त आहे का, बाळासाठी पेटी रिकामी आहे का. 'हो' आलं की मगच गाडीचं तोंड तिकडं वळवायचं. तुम्हाला मधल्या ठिकाणी चाळीस मिनिटं बसावं लागलं ती एका फोनची चाळीस मिनिटं होती.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांनी केलं ते मायेनं केलं, पण झटका आलेल्या बाईच्या तोंडात काहीही घालू नये. डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातला फेस बाहेर येऊ द्यायचा, पडणार नाही एवढं धरायचं.

जांबोटी_वडाप

मी या भागात अठरा वर्षं वडापची (प्रवासी भरून न्यायची) गाडी चालवूलालोय. रात्री-अपरात्री किती बायकांना नेलं ते मोजलं नाही. गाडीतच बाळंत झालेल्या तिघी, त्यातली एक कालमनीच्या चढावर.

ताई, कणकुंबी-आमगाव पट्ट्यात पाऊस कसा असतोय ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. कर्नाटकातला सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत धरतेत ही गावं. नाल्याला पाणी आलं की गाडी अलीकडं आणि माणसं पलीकडं. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांची तर वेगळीच गत. २०११ ला अभयारण्य झालं, त्याच्या आधीपासून ती गावं तिथं आहेत, पण आजबी पक्का रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही. तिथल्या बाईला कांबळ्याची झोळी करून बांबूला बांधून चार गडी खांद्यावर आणतेत. अशा ठिकाणी १०८ ला फोन लावायलाच एक माणूस टेकडीवर पळतोय.

माझं सांगणं एवढंच. गाडी दारात येईस्तोवर वाट बघत बसू नका. फोन केला की बाईला घेऊन डांबरीकडं निघा, गाडी तिकडून येते, तुम्ही इकडून. अर्धा तास वाचतोय. आणि गाडीवाल्याला दवाखान्याचं नाव सांगा. 'बेळगावला चल' म्हटलं तर मी तुम्हाला बेळगावच्या वेशीवर आणून विचारणार, आता कुठं?

निपाणीकर

आमच्याकडं वेगळीच गंमत नाही, वेगळंच दुखणं आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. हायवे एकच. सरकारी कागद बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणजे बेळगावला पाठवतो आणि घरचे तिला कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेतात. मग कार्ड कर्नाटकचं, दवाखाना महाराष्ट्राचा. आमच्या वहिनीला नेलं तेव्हा १०८ च्या चालकानं वरून विचारून मग सीमा ओलांडली, तोवर आम्ही कोगनोळीच्या नाक्यावर उभे. बाई व्यवस्थित आहे, पण ती दहा मिनिटं माझ्या भावाला दहा तासांसारखी गेली.

विड्या वळणाऱ्या बायका आमच्याकडं घरोघरी. दिवसभर बसून काम, हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर जात नाही. अशा बाईला थोडं जरी रक्त गेलं तरी ती गळते. तिला लांबचं अंतर झेपत नाही, हे कागदावर कुणी बघत नाही.

चंदगडची_लेक

आमचं नेमकं उलटं. चंदगड महाराष्ट्रात, पण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे आमच्या बायका सर्रास बेळगावात बाळंत होतात.

शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. माझी बहीण खानापुरात दिलेली, सातव्यात चंदगडला माहेरी आली. तपासण्या झाल्या कर्नाटकात, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदणी कार्ड) तिकडचं, सोनोग्राफीची फाइल सासरच्या कपाटात. कळा लागल्या तेव्हा रक्तगटसुद्धा कुणाला माहीत नव्हता. निगेटिव्ह निघाला. तेव्हापासून आमच्या घरातली पोरगी माहेरी यायला निघाली की आधी फाइल पिशवीत, मग साड्या.

प्रसूतितज्ज्ञ_बेळगाव

मी बेळगावात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पूर्वी सरकारी वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणजे मलप्रभाकाठ यांची गाडी जिथं येऊन थांबते त्या दाराच्या आतली मी.

आधी जावेबद्दल. १४८/९६ हे बीपी आठवड्यातून दोनदा तपासायला हवं, लघवी आणि रक्ताच्या तपासण्या करायला हव्यात. १६०/११० च्या वर गेलं, डोकं सतत दुखलं, दिसायला अंधुक झालं, छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात दुखलं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. काही न होता बीपी असंच राहिलं तरी ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळंतपण करून घेतात, त्यापुढं थांबत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात तारीख आहे. ३६ आठवड्यांनंतर तिला बेळगावात कुणा नातेवाइकाकडं आणून ठेवा. महाराष्ट्रात आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असतं, बाई दिवस भरायच्या आधीच तिथं येऊन राहते. खानापूरच्या जंगलपट्ट्याला तशा खोल्यांची गरज आहे असं मला फार वर्षांपासून वाटतं.

आता घाईचं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि काहीच केलं नाही तर सरासरी दोन तासांत बाई जाते. बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात साधारण बारा तास मिळतात, झटक्यांत दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस. हे जुने, जगभर शिकवले जाणारे आकडे आहेत. डोक्यात यासाठी ठेवायचे की पाठवायची घाई प्रत्येकीची सारखी नसते. आडवं बाळ असेल तर नीट फोन करून, सलाईन लावून पाठवायला वेळ आहे. रक्त जात असेल तर पाठवण्याआधी ते थांबवायचे उपाय तिथंच सुरू करावे लागतात. माझ्याकडं आल्यावर रक्तगट जुळवून पिशवी हातात यायलाच पाऊण तास जातो. फोन आला असेल तर तो पाऊण तास गाडी रस्त्यात असतानाच सुरू होतो.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट इथल्या लोकांना ठाऊक असावी. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून बाळंतिणीच्या खाली पसरायची एक प्लास्टिकची पिशवी तयार केली. तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात, किती रक्त गेलं ते दिसतं. डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमीच भरतो, कापडात, जमिनीत मुरलेलं रक्त कुणी मोजत नाही. आपल्या जिल्ह्यातल्याच खेड्यांत १,६२० बायकांवर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांचा अभ्यास झाला, गोळ्या दिल्या त्या एएनएमनी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. पुढं २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत अशीच खुणांची पिशवी आणि लगेच एकदम द्यायचे उपचार यांची जोड घालून बघितली, तेव्हा तीव्र रक्तस्रावाचे प्रसंग ६० टक्क्यांनी कमी झाले. जे आपल्या गावांत सुरू झालं ते आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात असायला नको का? वेळेवर कळलं तर वेळेवर हलवता येतं.

एका बाबतीत मात्र मलप्रभाकाठ, मला त्या मधल्या दवाखान्याची बाजू सांगू द्या. तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा एकच स्त्रीरोगतज्ज्ञ, एकच भूलतज्ज्ञ. तो रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सलग तिसऱ्या रात्रीनंतर घरी झोपलेला. सिझरची सोय आहे असं फलकावर लिहिलेलं असतं, ती सोय एका माणसाच्या हजेरीवर टांगलेली असते. त्यात काही वाईट घडलं तर मार खायची भीती. मग 'पुढं पाठवा' हेच सुरक्षित वाटतं.

मलप्रभाकाठ

डॉक्टर, तुमचं समजतं. भूलतज्ज्ञ नव्हते याबद्दल माझा राग नाही. ते नाहीत हे आम्हाला दारातच, गाडीतून उतरायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मला रस्त्यात झटका आला नसता, किंवा आला असता तरी तो दवाखान्याच्या खाटेवर आला असता. राग त्या बाकड्याचा आहे.

प्रसूतितज्ज्ञ_बेळगाव

तो राग रास्त आहे. भीतीची बाजू सांगताना मी हे सांगायला हवं होतं. आलेल्या बाईचं बीपी बघणं, डोस देणं, पुढं फोन लावणं, याला भूलतज्ज्ञ लागत नाही.

शहापूरकर

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ बेळगावच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात न्यावं. सरकारी साखळीत फिरण्यात बाई दमते.

निवृत्त_सिस्टर

दादा, ज्याला परवडतं आणि जो शहरात आहे त्यानं न्यावं. खानापुरातून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पण गावातून खानापूर गाठायलाच दीड तास लागतो. तेवढ्यात पहिला डोस जवळच्या केंद्रातच मिळायला हवा. ते केंद्र टाळून गेलं तर बाई उपचाराविना तीन तास रस्त्यावर.

पैशांचं सांगते, कारण खूप जणांना माहीत नसतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. आणि गाडी तिन्ही वेळा फुकट : घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि बाळंतिणीला घरी. मधला टप्पा लोक विसरतात. सरकारी दवाखान्यानं पुढं पाठवलं तर गाडीची सोय त्यांनीच करायची असते. खाजगी गाडीला पैसे मोजायच्या आधी हे नाव घेऊन विचारा.

ऊसफड

मी रायबाग तालुक्यात शिक्षक आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं बीड, जत भागातल्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) दरवर्षी दोन-चार बायका दिवस भरत आलेल्या असतात. त्यांची नोंद गावाकडं, इथल्या आशाताईच्या वहीत त्या नाहीत, आधार पेटीत गावाला. त्यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं झालं की पहिला प्रश्न कार्डाचा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तुमकुरूत जुळ्यांची गरोदर असलेली एक बाई तायी कार्ड नाही म्हणून परत पाठवली गेली आणि ती आणि दोन्ही बाळं घरीच गेली. त्यानंतर कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं बजावलं की तातडीच्या वेळी कागदांसाठी अडवायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्येच लक्ष्मी मंडल प्रकरणात म्हटलंय की एका राज्यात दारिद्र्यरेषेखाली नोंदलेल्या बाईला दुसऱ्या राज्यातही सरकारी दवाखान्याचा लाभ मिळाला पाहिजे. मी हे दोन्ही मराठीत आणि कन्नडात एका कागदावर लिहून टोळीच्या मुकादमाकडं देतो. गेल्या हंगामात एकदा उपयोगी पडला.

निपाणीकर आणि चंदगडच्या ताई, तुम्हालाही तो कागद लागू आहे. सीमेची गावं कुणाची हा वाद न्यायालयात चालत राहील. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं तेव्हाही कर्नाटकानं हरकत घेतली. पण कळा लागलेल्या बाईला जवळचा दवाखाना हाच तिचा दवाखाना.

खानापूरची_आशा

मी आशा आहे. डॉक्टर मॅडमनी लक्षणं सांगितली त्यात एक भर घालते. आमच्या बायका लक्षण मराठीत कसं सांगतात आणि समोरच्याला काय ऐकू येतं यात फार फरक पडतो.

"डोळ्यांसमोर अंधारी येते" असं बाई सांगते. नवीन आलेल्या, मराठी नीट न कळणाऱ्या सिस्टर ते चक्कर म्हणून लिहून घेतात आणि अशक्तपणाच्या गोळ्या देतात. बाईला म्हणायचं असतं की दिसेनासं होतं. "काळजात जळजळतंय" म्हटलं की ॲसिडिटीचं औषध मिळतं, आणि ते दुखणं असतं मॅडम म्हणतात ते, पोटाच्या वरचं. गेल्या वर्षी मी एका बाईबरोबर गेले होते, तिला हेच झालं. मी कन्नडात सांगितलं, "कण्णु मंजागत्ते", म्हणजे दिसायला धूसर होतं. सिस्टरनी लगेच बीपीचा पट्टा काढला. त्या सिस्टर चांगल्याच होत्या, त्यांना शब्द मिळत नव्हता.

म्हणून मी बायकांना शिकवते, अंधारी म्हणू नका. "मला समोरचं धूसर दिसतंय, एकाचे दोन दिसतात" असं सांगा. आणि बरोबर कन्नड बोलणारं एक माणूस घ्या. सहीचा कागद वाचून दाखवायलासुद्धा तोच उपयोगी पडतो.

प्रसूतितज्ज्ञ_बेळगाव

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. उद्या आमच्या नवीन डॉक्टरांना हे दोन शब्द सांगते.

दिवस भरायच्या आधी कळा लागल्या तर काय, हे राहिलं होतं. चौतीस आठवड्यांच्या आत बाळ येणार असं दिसलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, सहा मिलिग्रॅम, बारा तासांनी, एकूण चार. पहिलं पाठवणाऱ्या केंद्रातच देता येतं. आणि शक्य असेल तोवर बाळ पोटात असतानाच आईला हलवायचं. जन्मल्यावर दीड किलोचं बाळ गाडीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं केव्हाही बरं. पण बाळ रस्त्यातच येईल इतक्या कळा जवळ असतील तर हलवायचं नाही, तिथंच बाळंतपण करून मग दोघांना न्यायचं.

निपाणीकर

पावसाळ्यासाठी एक. भोज-कारदगा, अक्कोळ-सिदनाळ हे आमच्याकडचे पूल दरवर्षी दूधगंगा-वेदगंगेच्या पुराखाली जातात. जुलै-ऑगस्टात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी जूनमध्येच करून कुणाला नदीच्या अलीकडं आणायचं ते ठरवलं, तर निम्मी धावपळ वाचेल. आमच्या गावच्या तरुण मंडळानं यंदा आशाताईंना बरोबर घेऊन हे करायचं ठरवलंय.

मलप्रभाकाठ (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला लिहायला, घरात गडबड होती.

तुम्ही सांगितलेलं सगळं वहीत घेतलं आणि तसंच केलं. आठवड्यातून दोनदा बीपी. सिस्टरना चिठ्ठीचा मजकूर दाखवला, त्यांनी तो हातानं एका पानावर ओळींसकट आखून झेरॉक्स काढून केंद्रात ठेवला. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, उलट म्हणाल्या की रात्री सुचत नाही, समोर ओळी असल्या की भरता येतं.

३६ आठवडे झाले त्या दिवशी जावेला बेळगावच्या वडगावात माझ्या चुलतबहिणीकडं आणून ठेवलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी बीपी १६४/११०, आणि तिनं स्वतःहून सांगितलं, "मला धूसर दिसतंय." अंधारी म्हणाली नाही. जवळच्या केंद्रात पहिला डोस दिला, वेळ लिहिली, पुढं फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा दारात खाट उभी होती आणि नर्सच्या हातात आमचं नाव लिहिलेला कागद. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि काही न विचारता कामाला लागले. सासूबाई बाजूला उभ्या राहून रडत होत्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "मला कुणी काही विचारलंच नाही गं."

मुलगी झाली, दोन किलो तीनशे. पेटीत ठेवावं लागलं नाही. सहाव्या दिवशी घरी सोडलं, नगु-मगुच्या (बाळंतिणीला घरी सोडणाऱ्या सरकारी) गाडीनं डांबरी संपते तिथपर्यंत आणलं, पुढं जांबोटी_वडाप दादा स्वतः आले होते न्यायला. पैसे घेतले नाहीत.

जांबोटी_वडाप

पैशाचं कशाला लिहिलं ताई. पोरगीचं नाव काय ठेवूलालात तेवढं कळवा.

निवृत्त_सिस्टर

डोळे भरून आले. पण एक विचारते. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं, झटका बाळंतिणीलाही येऊ शकतो. आशाताई सातव्या दिवशी घरी येतात ना? त्यांच्याबरोबर सिस्टरना बोलावून बीपी बघून घेतलंत का? गोळ्या चालू आहेत का?

मलप्रभाकाठ

गोळ्या चालू आहेत. सोडताना १३४/८६ होतं. सातवा दिवस उद्या आहे, सिस्टर सकाळी येतो म्हणाल्यात. ओढ्याला पाणी असलं तर आम्ही तिला घेऊन डांबरीपर्यंत जाणार आहोत, वडाप दादांना सांगून ठेवलंय.